२८ लाख ओळींचा गोषवारा

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. बातम्यांमध्ये 'एनएफएचएस' या नावाने येणारं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ही संस्था करते. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या फेरीत, मध्ये करोनाची टाळेबंदी येऊनही, ७०७ जिल्ह्यांतल्या ६,३६,६९९ कुटुंबांपर्यंत माणसं पोहोचली. ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांच्या मुलाखती झाल्या. यातून ज्या फायली तयार झाल्या त्यांतल्या एकीत घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक ओळ आहे: वय, लिंग, शिक्षण, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि असे कितीतरी रकाने. अशा ओळी भरतात २८ लाखांच्या आसपास. सेकंदाला एक ओळ या वेगाने नुसती नजर फिरवायची म्हटली, तरी न जेवता, न झोपता महिनाभराहून जास्त दिवस लागतील.

स्टाटा नावाच्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये ही फाईल उघडून एक ओळ लिहायची: कोलॅप्स, कंसात मीन, मग वयाचा रकाना, स्वल्पविराम, बाय, आणि कंसात राज्याचा रकाना. एंटर दाबलं की साध्या लॅपटॉपवरही चहाचा घोट घेईपर्यंत २८ लाख ओळी नाहीशा होतात आणि २८ राज्यं व ८ केंद्रशासित प्रदेश यांच्या मिळून ३६ ओळी उरतात. प्रत्येक ओळीत एक राज्य आणि तिथल्या माणसांचं सरासरी वय. हे आकडे चुकीचे आहेत, पण ते का, हे पुढे येईल. आधी जे झालं त्याकडे पाहू, कारण माणसाने शोधलेल्या हिशेबाच्या युक्त्यांमध्ये इतकी वापरली जाणारी आणि इतकी दुर्लक्षित युक्ती दुसरी नसेल. बँकेचं महिन्याचं विवरण, निवडणुकीचा फेरीनिहाय निकाल, तालुकावार पाऊस, क्रिकेटपटूची देशात आणि परदेशात किती सरासरी, या सगळ्यांच्या मुळाशी हेच काम आहे. नोंदींचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाचा गोषवारा काढायचा.

न्यूझीलंडचे संख्याशास्त्रज्ञ हॅडली विकम यांनी २०११ साली 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर'मध्ये एक लेख लिहिला आणि या कामाचे तीन टप्पे वेगळे करून दाखवले. आधी ओळी एखाद्या रकान्यानुसार वाटायच्या, मग प्रत्येक वाट्यावर तेच गणित करायचं, आणि शेवटी मिळालेली उत्तरं एकत्र मांडायची. वाचताना वाटतं, यात नवीन ते काय? नवीन काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तो लेख गाजला. जगभरची माणसं रोज जे करत होती, त्याला कुणीतरी नीट आकार दिला होता. विकम यांनी नंतर 'आर' या संगणकभाषेसाठी बनवलेल्या 'डीप्लायर' या संचातल्या 'ग्रुप बाय' आणि 'समराइज' या दोन कमांड आज लाखो लोकांच्या बोटांवर आहेत. 'आर' ही भाषाही न्यूझीलंडचीच. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकात ती घडवली.

बाकीच्या सॉफ्टवेअरची वंशावळ थोडक्यात सांगतो. एसपीएसएस १९६८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात नॉर्मन नाय, हॅडलाय हल आणि डेल बेंट यांनी सामाजिक शास्त्रांतल्या पाहण्यांसाठी लिहिलं. त्यातल्या कमांडचं नाव 'अ‍ॅग्रिगेट'. एसएएसचा उगम नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात, शेतीच्या प्रयोगांच्या आकड्यांतून झाला. तिथे 'प्रॉक मीन्स' आणि 'प्रॉक समरी' आहेत. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली मांडलेली एसक्यूएल ही भाषा आज जवळजवळ प्रत्येक बँकेच्या पोटात आहे, आणि तिचं 'ग्रुप बाय' हे बहुधा जगातलं सर्वांत जास्त वेळा चाललेलं गटाचं वाक्य असावं. स्टाटा १९८५चं. पायथनमधलं 'पांडाज' वेस मॅकिनी यांनी २००८ साली एका गुंतवणूक कंपनीत नोकरी करताना सुरू केलं. नावं निराळी, काम तेच.

यंत्राने गट पाडण्याचा पहिला मोठा पराक्रम मात्र यांतल्या कुणाचाच नाही. तो हर्मन हॉलरिथ यांचा आहे, आणि त्या वेळी संगणक नव्हते.

अमेरिकेत १८८० साली झालेल्या जनगणनेची कोष्टकं तयार करता करता दशक संपत आलं. माणसं मोजून झाली होती. अडलं होतं ते वर्गीकरणापाशी. अमुक राज्यात किती, त्यांत पुरुष किती, त्यांत परदेशात जन्मलेले किती, त्यांत अमुक वयाचे किती, अशी प्रत्येक नवी विचारणा म्हणजे तेच कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायचे. त्या जनगणनेच्या कामावर असलेल्या हॉलरिथना जॉन शॉ बिलिंग्ज या वरिष्ठाने सुचवलं, की हे यंत्राने व्हायला हवं. हॉलरिथनी प्रत्येक माणसामागे एक पत्र, म्हणजे कार्ड, केलं आणि त्याची माहिती भोकांनी नोंदवली: इथे भोक असेल तर पुरुष, तिथे असेल तर स्त्री. ही कल्पना त्यांना रेल्वेच्या तिकीट तपासनिसावरून सुचली होती. त्या काळी अमेरिकेतले काही तपासनीस तिकिटाच्या कडेला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन करून ठेवत, केस कसे, डोळे कसे, नाक किती मोठं, म्हणजे एकाचं तिकीट दुसऱ्याला वापरता येऊ नये.

१८८९ साली पेटंट मिळालं आणि १८९०च्या जनगणनेला ही यंत्रं लागली. कारकून पत्र ठेवून दांडा खाली ओढायचा. वरून सुया उतरायच्या. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाऊन खालच्या वाटीतल्या पाऱ्यात बुडायची, विजेचं मंडल पुरं व्हायचं आणि समोरच्या चाळीस तबकड्यांपैकी त्या त्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. शेजारी कप्प्यांची पेटी असे. पत्रावरच्या भोकांप्रमाणे एका कप्प्याचं झाकण आपोआप उघडायचं आणि कारकुनाने पत्र त्यात टाकायचं. म्हणजे तबकडीवर गोषवारा आणि पेटीत गट, दोन्ही एकाच ओढीत. मला थक्क करतो तो यातला तिसरा भाग. हॉलरिथनी रिले जोडून अशी सोय केली होती, की दोन-तीन भोकं एकदम असली तरच एखादी तबकडी हलावी. आज आपण गटाच्या कमांडमध्ये 'राज्य, लिंग, वयोगट' असे तीन रकाने स्वल्पविराम देऊन लिहितो, तेच त्यांनी तांब्याच्या तारांनी लिहिलं होतं. सव्वासहा कोटींहून अधिक लोकसंख्येचा ढोबळ आकडा त्याच वर्षी जाहीर झाला. हॉलरिथ यांची कंपनी पुढे १९११ साली इतरांत विलीन झाली आणि त्या जोडकंपनीने १९२४ साली नाव घेतलं, आयबीएम.

त्यानंतर अर्धं शतकभर जगाचा हिशेब या पत्रांच्या गठ्ठ्यांवर चालला, आणि तेव्हाची रीत आजच्या सॉफ्टवेअरच्या हाडांत उतरली आहे. वर्गीकरण यंत्र एका फेरीत एकाच रकान्यावरून पत्रं लावू शके. दोन आकडी क्रमांक असेल तर दोन फेऱ्या, आणि गंमत म्हणजे सुरुवात दशकापासून करायची नाही, एककापासून करायची. मग सगळे गठ्ठे क्रमाने एकावर एक ठेवून दशकाची फेरी. असं केलं की सगळी पत्रं बिनचूक क्रमात येतात. ज्यांना हे उलटं वाटतं त्यांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून पाहावं. आयबीएमचं '८२' क्रमांकाचं यंत्र मिनिटाला ६५० पत्रं लावत असे. आपल्या २८ लाख ओळी पत्रांवर असत्या तर राज्याच्या दोन आकडी क्रमांकावरून त्या लावायला हे यंत्र रात्रंदिवस जवळजवळ सहा दिवस चालवावं लागलं असतं, तेही एकही पत्र न अडकता.

पत्रं क्रमाने लागली की ती बेरीज यंत्रात जात. यंत्र आधीच्या पत्राचा क्रमांक लक्षात ठेवी. पुढच्या पत्रावर तोच असेल तर बेरीज चालू. बदलला, की आतापर्यंतची बेरीज छापायची, आकडा शून्यावर आणायचा, नवा गट सुरू. एसपीएसएसच्या 'अ‍ॅग्रिगेट' कमांडमध्ये गटाच्या रकान्यापुढे आजही 'ब्रेक' लिहितात. एसएएसमध्ये 'ही गटातली पहिली ओळ आहे का' आणि 'ही शेवटची आहे का' असे विचारणारे 'फर्स्ट' आणि 'लास्ट' आहेत. आणि स्टाटात ओळी आधी क्रमाने न लावता कमांडच्या सुरुवातीला 'बाय' लिहिलं की सॉफ्टवेअर 'नॉट सॉर्टेड' म्हणून ठणकावतं. नवशिक्याला हा हट्ट वाटतो. त्यामागे पाठोपाठ सरकणाऱ्या पत्रांची शिस्त आहे.

इकडे हिंदुस्थानात यंत्रं नव्हती. हात मात्र भरपूर होते. १९०१च्या जनगणनेत बव्हेरियात रुळलेली चिठ्ठ्यांची पद्धत आणली गेली. मोजणीच्या वहीतून प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरायची. चिठ्ठीचा रंग धर्मावरून, आणि स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित हे खुणांवरून. मग कारकुनांसमोर खणांच्या फळ्या, आणि चिठ्ठ्यांची वाटणी. रंगामुळे पहिला गट नजरेनेच पडत असे, वाचायचीही गरज नाही. हे तंत्र मला हॉलरिथच्या यंत्राच्या तोडीचं वाटतं. त्याचं कौतुक कमी झालं, कारण त्याला पेटंट नव्हतं.

क्रमाने लावणं हाच गट पाडण्याचा एकमेव मार्ग आहे, ही समजूत १९५०च्या दशकात मोडली. आयबीएममधलेच हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एक टिपण लिहिलं. त्यातली कल्पना आज 'हॅशिंग' म्हणून ओळखली जाते. राज्याच्या नावावर एक छोटं गणित करायचं, त्यातून एक खण-क्रमांक निघतो, आणि ओळ थेट त्या खणात. कोणत्याही क्रमाने ओळी येऊ देत, प्रत्येकीकडे एकदाच पाहायचं. 'पांडाज' आणि आजचे बहुतेक डेटाबेस असंच करतात, म्हणून त्यांना आधी क्रम लावून द्यावा लागत नाही.

आता गणिताकडे येऊ. गोषवाऱ्यात काय काढायचं यावर सगळं अवलंबून असतं, आणि इथे एक फार सुंदर भेद आहे. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात 'डेटा क्यूब' या लेखात तो मांडला. काही आकडे तुकड्यांतून जोडता येतात. जिल्ह्यांच्या बेरजांची बेरीज म्हणजे राज्याची बेरीज. सर्वांत मोठ्यांतला सर्वांत मोठा म्हणजे एकूणात मोठा. दुसऱ्या प्रकारचे आकडे थेट जोडता येत नाहीत, पण थोडं सामान जवळ ठेवलं तर जोडता येतात. सरासरी त्यांतली. समजा एका तालुक्यात ९० कुटुंबं आहेत आणि सरासरी चार माणसं; दुसऱ्यात १० कुटुंबं आणि सरासरी आठ. दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर सहा येते. खरं उत्तर ४.४ आहे. सरासऱ्यांची सरासरी काढण्याची ही चूक अहवालांत इतक्या वेळा दिसते की तिच्यावर वेगळा अहवाल निघावा. उपाय सोपा: सरासरीबरोबर संख्याही जपून ठेवायची. आकड्यांचा विखुरलेपणा सांगणाऱ्या प्रमाण विचलनासाठी वर्गांची बेरीजही लागते, पण मोठे आकडे एकमेकांतून वजा होताना संगणकात शेवटची स्थानं गळतात, म्हणून बी. पी. वेलफर्ड यांनी १९६२ साली एकेक आकडा येईल तसं विचलन सुधारत नेण्याची रीत दिली. ती आजही वापरात आहे.

तिसरा प्रकार हट्टी आहे. मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर अगदी मधला. शाळेच्या पटांगणात मुलांना उंचीप्रमाणे उभं केल्याशिवाय मधला मुलगा सापडत नाही. प्रत्येक तुकडीने आपापला मधला मुलगा पाठवून दिला तरी शाळेचा मधला त्यांतून मिळेलच असं नाही. मध्यकाला सगळेच आकडे लागतात. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी 'मॅपरिड्यूस' ही हजारो यंत्रांवर काम वाटण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हाही हाच भेद पुन्हा समोर आला: बेरजा आणि मोजण्या यंत्रायंत्रांवर आधीच गोळा करून पाठवता येतात, मध्यक येत नाही.

'वेगवेगळे किती' हा प्रश्नही असाच हट्टी. एका संकेतस्थळावर आज किती निरनिराळी माणसं आली, हे मोजायचं तर आलेल्या प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवावं लागतं. २००७ साली फ्रेंच गणिती फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी 'हायपरलॉगलॉग' मांडलं. शंभर कोटींच्याही पुढे निरनिराळे घटक, चूक सुमारे दोन टक्के, आणि लागणारी स्मृती अवघी दीड किलोबाइट. नावं साठवायचीच नाहीत. प्रत्येक नावावरून हॅशिंगने आलेल्या द्विमान पद्धतीच्या संख्येत सुरुवातीला ओळीने किती शून्यं आहेत एवढंच पाहायचं. ओळीने पुष्कळ शून्यं येणं दुर्मिळ, तेव्हा तसं घडलं याचा अर्थ खूप निरनिराळी नावं येऊन गेली असणार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थाप वाटली होती.

आपल्या देवनारच्या फायलीकडे परत जाऊ, कारण कमांडचे खाचखळगे खऱ्या फायलीतच कळतात.

समजा प्रत्येक माणसाच्या ओळीत त्याच्या कुटुंबात एकूण किती माणसं आहेत हा आकडा हवा. इथे 'कोलॅप्स' उपयोगाचं नाही. ते ओळी गिळून टाकतं. स्टाटात गट पाडून मोठ्या 'एन'चं चिन्ह वापरलं, की गटातल्या ओळींची संख्या प्रत्येक ओळीत उतरते आणि एकही ओळ हरवत नाही. एसक्यूएलमध्ये हे काम 'ओव्हर' करतं, 'आर'मध्ये 'म्यूटेट', एसपीएसएसच्या अ‍ॅग्रिगेटमध्ये 'अ‍ॅडव्हेरिएबल्स'. पण गट कशावरून? फाईलमध्ये घर क्रमांकाचा रकाना आहे. त्याच्यावरून गट पाडले तर काही घरांत हजारो माणसं राहू लागतील. कारण घर क्रमांक त्या त्या नमुना-वस्तीपुरता असतो, आणि देशभरात अशा वस्त्या ३० हजारांहून अधिक आहेत. कच्छमधलं घर क्रमांक पाच आणि कोहिमातलं घर क्रमांक पाच एकाच छपराखाली येतात. गटासाठी वस्ती आणि घर असे दोन्ही रकाने हवेत. सॉफ्टवेअर याबद्दल काहीही बोलत नाही. दिलेल्या रकान्यावरून ते निमूटपणे गट पाडतं.

वयाच्या रकान्याचंही असंच. ज्याचं वय घरच्यांना सांगता आलं नाही त्याच्यापुढे ९८ हा संकेत लिहिलेला असतो. आधी तो काढून टाकला नाही, तर वय माहीत नसलेली सगळी माणसं अठ्ठ्याण्णव वर्षांची म्हणून सरासरीत जातात. आणि तिसरी गोष्ट भाराची. नमुना निवडताना लहान राज्यांतून आणि जिल्ह्यांतून लोकसंख्येच्या मानाने जास्त कुटुंबं घेतलेली असतात, नाहीतर जिल्ह्याचा अंदाजच बांधता आला नसता. म्हणून प्रत्येक नोंदीला एक भार दिलेला असतो. फाईलमध्ये तो दशांशचिन्ह न देता लिहितात, वापरताना त्याला दहा लाखांनी भागायचं. सुरुवातीच्या आपल्या कमांडमध्ये भारही नव्हता आणि ९८चा बंदोबस्तही नव्हता. ३६ नेटके आकडे आले, लाल अक्षरांत एकही सूचना आली नाही.

रिकाम्या जागेबाबत प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वभाव निराळा. 'आर'ला सरासरी विचारली आणि एक जरी आकडा गहाळ असला, तर ते उत्तरही गहाळ म्हणून सांगतं. मुद्दाम सांगावं लागतं, की गहाळ सोडून दे. 'पांडाज' गटाच्या रकान्यातच जागा रिकामी असेल तर त्या ओळी मुकाट्याने वगळतं. एसक्यूएल अशा सगळ्यांचा एक वेगळा गट करतं. स्टाटात गहाळ आकडा सगळ्या आकड्यांहून मोठा मानलेला आहे, त्यामुळे 'साठहून अधिक वयाचे' म्हटलं की वय नसलेलेही त्यात. आणि सर्वांत घातक ते 'कोलॅप्स'च्या बेरजेत: गटातले सगळे आकडे गहाळ असले तर बेरीज शून्य येते. पर्जन्यमापक केंद्राने महिनाभर नोंदच पाठवली नाही, तर त्या महिन्याचा पाऊस शून्य मिलिमीटर. कोष्टक पाहणाऱ्याला तो दुष्काळ दिसेल. एसक्यूएल अशा वेळी उत्तर रिकामं ठेवतं, आणि या एका बाबतीत मी एसक्यूएलच्या बाजूचा आहे.

पण सगळे रकाने स्वच्छ असले, भार लावले, तरी गटांची निवड सत्य फिरवू शकते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण 'आर'मध्ये तयारच मिळतं; 'यूसीबीअ‍ॅडमिशन्स' लिहून एंटर दाबायचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेल्या अर्जांपैकी सहा मोठ्या विभागांचे हे आकडे. पुरुषांचे अर्ज २६९१, प्रवेश ११९८, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रियांचे अर्ज १८३५, प्रवेश ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. गट एकच, लिंग. आणि निष्कर्ष डोळ्यांत भरणारा. आता गटात विभागाचाही रकाना घाला. पहिल्या विभागात पुरुषांना ६२ टक्के प्रवेश, स्त्रियांना ८२. सहांपैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांहून जास्त, उरलेल्या दोनांत थोडं कमी. मग एकूणात स्त्रिया मागे कशा? पहिल्या विभागात, जिथे प्रवेश सहज मिळे, ८२५ पुरुषांनी अर्ज केले आणि फक्त १०८ स्त्रियांनी. शेवटच्या विभागात सहा-सात टक्क्यांनाच प्रवेश मिळायचा. तिथे ३७३ पुरुष आणि ३४१ स्त्रिया. स्त्रिया मोठ्या प्रमाणात अवघड दरवाज्यांवर उभ्या होत्या. पीटर बिकल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७५ साली 'सायन्स'मध्ये हे विश्लेषण छापलं. एडवर्ड सिम्प्सन यांच्या १९५१च्या लेखावरून या उलटापालटीला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात, जरी उडनी यूल यांनी १९०३ सालीच ती दाखवली होती.

याचा अर्थ बारीक गट नेहमी खरे आणि मोठे खोटे, असाही होत नाही. अवघड दरवाज्यांपाशी स्त्रियाच का जास्त होत्या, हा प्रश्न विभागवार कोष्टकात दिसतच नाही. तो फक्त विभागांच्या वर उभं राहिल्यावर पडतो. दोन्ही कोष्टकं एकाच फाईलमधून, एकाच कमांडने निघाली. फरक होता एका रकान्याचा.

शिवाय गोषवारा केल्यावर परतीची वाट नसते. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याइतका खर्च ही त्यांची कसोटी. त्यांच्या हाती राष्ट्रीय नमुना पाहणीची छापील कोष्टकं होती: दरमहा माणशी खर्चाचे वर्ग, आणि प्रत्येक वर्गात किती टक्के लोक. दारिद्र्याची रेषा अशा एखाद्या वर्गाच्या मधोमध पडते, तेव्हा त्या वर्गातले किती खाली आणि किती वर, हे कोष्टक सांगत नाही. अंदाज बांधावा लागतो. आज त्याच प्रकारच्या पाहण्यांच्या एकेका कुटुंबाच्या नोंदी संशोधकाला मिळतात, आणि तो रेषा रुपया-रुपयाने सरकवून पाहू शकतो. गटाचे वर्ग आधी कुणी ठरवले, यावर पन्नास वर्षांपूर्वीचं केवढं तरी अर्थशास्त्र टेकलेलं होतं.

आणि कधीकधी वर्ग कुणीच ठरवत नाही. २०११च्या सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणनेत लोकांनी सांगितलेली जात मोकळ्या जागेत लिहून घेतली गेली. १९३१च्या जनगणनेत जातींची संख्या ४,१४७ होती. या वेळी निरनिराळी नावं निघाली ४६ लाखांहून अधिक. केंद्र सरकारने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात हे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, आणि ते सांगावं लागलं ते महाराष्ट्र सरकारच्याच याचिकेमुळे. इतर मागासवर्गीयांची आकडेवारी महाराष्ट्राला हवी होती. महाराष्ट्राचा आकडा तर आणखी बोलका: सरकारी याद्यांमध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून ४९४ नावं, आणि गणनेत आलेली ४,२८,६७७. त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांमागे शंभराहूनही कमी माणसं होती. गट पाडणाऱ्या कमांडला अक्षरं तेवढी कळतात. एक वेलांटी दीर्घ लिहिली की नवा गट. शेवटी एक जागा मोकळी सुटली की आणखी एक. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कुळ, कुणी आडनाव. यंत्राच्या लेखी सगळी सारख्याच दर्जाची, निरनिराळी नावं. ही मोजणी चालायला संगणकाला फार वेळ लागला नसेल. चार लाख नावांतली कुठली कुठल्या एका नावाखाली घालायची, हे ठरवणं हे खरं काम, आणि त्यासाठी कमांड नाही.

येती जनगणना डिजिटल आहे आणि तिच्यात जातही विचारली जाणार आहे. १६ जून २०२५च्या अधिसूचनेप्रमाणे देशाच्या बहुतेक भागासाठी संदर्भाचा दिवस आहे १ मार्च २०२७. नाव मोकळेपणाने लिहून घेतलं, तर २०११ची गत होऊ शकते. आधी ठरवलेल्या यादीतून निवडायला लावलं, तर कोष्टकं महिन्याभरात निघतील, पण यादीत ज्यांचं नाव नाही ते सगळे 'इतर'मध्ये जातील; आणि तिथे गेलेली नोंद पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला वेगळी काढता येणार नाही, कारण त्या माणसाने काय सांगितलं होतं हे फाईलमध्ये लिहिलेलंच नसेल.